काजाचे मशीन धाकटीला

मी, खाली सही करणारी, धंदा शिलाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतात, पण तो वयाचा दोष आहे. त्यावरून कोणी शंका काढू नये.

१. माझे स्वकष्टार्जित दुकान सुनेला द्यावे. मुलाला नाही, कारण त्याने ते आताच विकायला काढले आहे आणि मी अजून जिवंत आहे. पायमशीन व मोठी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कागद कापू नये.

२. बँकेतील शिल्लक मुलाची. त्याने रुसून बसू नये.

३. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला काहीही नाही. परदेशातून आले तेव्हा माझ्याच घरी जेवता जेवता म्हणाले, "ताई, तुमच्याकडची माणसं फार हळू. आमच्या फॅक्टरीत एक बाई दिवसाला ढीगभर शर्टांची काजं करते." ती बाई म्हणजे माझी बहीणच! इथे माझ्यासमोर बसून हाताने काजे करायची तेव्हा नेहमी माझ्यापेक्षा मागे पडायची. निम्मा वेळ गप्पांत जायचा. तिकडे जाऊन तिची बोटे बदलली नाहीत. पुढ्यात मशीन आले, वीज जात नाही, आणि बिघडले की दुरुस्तीवाला हजर. एवढी साधी गोष्ट मेहुण्यांना कळली नाही, याचा मला अजून राग आहे.

४. तसलेच काजाचे मशीन बहिणीने मला पाठवले. बघायला गल्ली लोटली. आठवडाही झाला नाही तोच वीज कमीजास्त होऊन आतला बोर्ड जळाला. मेकॅनिक म्हणाला, "मावशी, याचा पार्ट इथं मिळत नाही. मिळाला तरी परत जळेल." तेव्हापासून ते तिच्या जागेवर झाकून ठेवले आहे. पाठवताना ती फोनवर म्हणाली होती, "ताई, आता माझ्यावाचून तुझं काही अडायचं नाही. ते दहा जणींचं काम करतं."

मला दहा जणी कधीच नको होत्या. मला तिची फार आठवण येते.

सदर मशीन धाकटीला द्यावे. पार्सलने पाठवू नये. तिने स्वतः येऊन न्यावे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे वकिलांनी मला दोनदा समजावले. तरीही याची एक प्रत मी तिला आजच पाठवत आहे. वाचून राग आला तर भांडायला यावे, पण मी असताना यावे.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ ऑगस्ट
सही: थोरली

आमच्या दोघांसमक्ष वाचून सही केली.
साक्षीदार: १. समोरचा इस्त्रीवाला
२. शेजारची नर्सबाई