टीव्हीच्या भुकेचं मोजमाप

आदरणीय व्याहीबुवांना साष्टांग नमस्कार.

तळहाताएवढं मीटर आणलं. ते मला सूनबाईचा सहा दिवसांचा अबोला, हिची दोन वेळची अळणी भाजी आणि तुमच्या दारात परत आलेला एक टीव्ही, एवढ्याला पडलं. असो. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? आणि तुमचा खोकला? (परवा फोनवर तुम्ही बोललात कमी, खोकलात जास्त. मी त्याचा अर्थ लावला नाही.)

आमचं विजेचं बिल वर्षानुवर्षं जास्तच; ते आणखी थोडं फुगलं तेव्हा संशय तुम्ही प्रेमाने दिलेल्या टीव्हीवर आणि त्याखालच्या मालिका दाखवणाऱ्या डबीवर जाणं साहजिकच होतं. घरात नवीन तेवढंच. मी पडलो मोटर वाइंडिंगवाला, बाराव्या वर्षापासून तांब्याच्या तारेत वाढलेला. कोण किती वीज खातं ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. (आमचा फ्रिजच घ्या. अठरा वर्षांपूर्वी मी स्वतः दुरुस्त केला, तेव्हापासून त्याची मोटर क्षणभर थांबलेली नाही. आहे आजच्या मालात ही धमक?) तरी अन्याय नको म्हणून मीटर आणलं. टीव्हीचा प्लग कपाटाआड, हात पोचेना. म्हणून ज्या बोर्डावरून त्याला वीज जाते, त्या माझ्या हातच्या एक्स्टेंशन बोर्डालाच ते जोडलं.

दिवसाला साडेपाच युनिट! मी तिथल्या तिथे निकाल दिला. सूनबाईने टीव्ही बंद केला, डबी बंद केली, रिमोट माझ्या हातात ठेवला. मीटर पळतंच होतं. म्हटलं, "बघितलंस? झोपेतसुद्धा खातो! आयतोबा आहे तुझ्या बाबांचा टीव्ही." शेवटचं वाक्य जास्त झालं, हे तिच्या पावलांच्या आवाजावरून कळलं. दुसऱ्या दिवशी टीव्ही खोक्यात, खोकं टेम्पोत.

संध्याकाळी भिंत मोकळी आणि मीटर पूर्वीच्याच उत्साहात. ही म्हणाली, "आता काय, भिंत वीज खाते?" कपाट ओढलं. बोर्डातून एक वायर भिंतीतल्या भोकातून थेट स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे गेलेली. अठरा वर्षांपूर्वीचं काम, पण काय सुबक! माझंच होतं.

लोभ उरला असेल तेवढा तरी राहू द्यावा.

आपला,
मोटरवाला व्याही

ता. क. टीव्ही परत पाठवा. सूनबाईने माहेरी यायला बॅग भरली आहे. (टीव्हीचा काही संबंध नाही म्हणते.) वजाबाकी केली : टीव्ही आणि डबी मिळून दिवसाला अर्धं युनिट. हे तिला तुम्हीच फोनवर सांगितलंत तर बरं; माझ्या तोंडून शोभणार नाही.

आणखी एक. फ्रिजचा मिस्त्री येऊन गेला. तो म्हणतो, आतलं गार झालं की मोटर थांबायची असते.