बाटली कोमट हवी
तुर्भे, मंगळवार, जुलै १९८४

रत्नागिरी शाखेत औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं दमट हवेत गळून पडतायत. तिथल्या नाईकबाईंचा आज ट्रंककॉल आला, तेव्हा मी आमची युक्ती सांगून टाकली: बाटली कोमट असतानाच लेबल लावा.

शेजारच्या टेबलावरून सावंतबाई कडाडल्या, "अगं शहाणे, युक्ती फुकट वाटलीस? यंदाची उत्कृष्ट शाखेची ढाल गेली! नोकरीत कायम व्हायचंय ना तुला?"

व्हायचंय. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतपत, हे सांगायचं राहिलं का? नाही, सांगितलं. आत्याने घरी शिकवलं तेच केलं. आपल्याला येतं ते दुसऱ्यापासून लपवायचं नाही. लेबल पडलं तर आजाऱ्याने काय समजून प्यायचं?

उद्या सावंतबाईंच्या आधी मीच साहेबांना सांगेन. बाकीच्या शाखांनाही कळवू का, तेही विचारेन.