खुर्ची नको, ऑब्री

ब्यूडली,
शुक्रवार, १२ सप्टेंबर

प्रिय ऑब्री,

'प्रिय' हा शब्द पंचावन्न वर्षांच्या सवयीने लिहून गेलो. तो खोडून त्याजागी दुसरा कोणता घालावा याचा सकाळपासून विचार करतोय. जे सुचतात ते विनी पोस्टात टाकू देणार नाही, म्हणून राहू दे तसाच. पण पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेव की मी रागावलोय, आणि हा राग चहा प्यायल्यावर उतरणाऱ्यातला नाही. दोन कप झालेत.

तुझा मॅनेजर मागच्या आठवड्यात गुरुवारी येऊन गेला. बूट इतके चकाचक की विनीने आधी त्याला विमा विकणारा समजून दारातूनच परत पाठवला होता. मग चॉकलेटचा डबा पुढे करून तो आत आला आणि माझ्या तब्येतीची चौकशी करत, माझ्या उजव्या हाताकडे न बघण्याची पराकाष्ठा करत, त्याने एकदाचं सांगितलं. आपल्या बँडचा, 'ग्लास हेरन'चा, ऑक्टोबरातला दौरा ठरलाय. सुरुवात वुल्व्हरहॅम्प्टनपासून. मूळ पाचांतला मंचावर तू एकटा, बाकीचे चौघे नवे. फक्त एक 'छोटीशी अडचण' आहे, आणि ती माझ्या कपाटात गुंडाळी करून ठेवलेली आहे.

त्या अडचणीवर तुझीही सही आहे, ऑब्री. स्टोरपोर्टच्या चर्चच्या हॉलमध्ये आपण सराव करायचो. आदल्या शनिवारी बर्मिंगहॅमला एका जुन्या, नावाजलेल्या बँडचा कार्यक्रम बघून आलो होतो. नाव तेच आणि मंचावर सगळे भाड्याचे. कॅलम तर तिकीटखिडकीवर जाऊन भांडला होता, "ज्यांचं तिकीट काढलं ते कुठायत? हे कोण आलेत पाहुणे?" आणि मग तूच, मी नाही, तू भिंतीवरचं जुन्या कपड्यांच्या विक्रीचं पोस्टर उतरवलंस आणि त्याच्या मागे लिहिलंस: पाचांपैकी निदान दोघं मंचावर असतील तोवरच हे नाव. पाच सह्या झाल्या. तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होतो, मरण हा शब्द फक्त गाण्यात यमक जुळवायला लागायचा. पोस्टर माझ्याकडे दिलंत, कारण तुम्ही चौघेही छत्रीसुद्धा घरी परत आणत नव्हता. आता तुझा वकील म्हणतो ते कायद्याने धरलं जाईल. छान झालं. काहीतरी धरलं जाऊ दे.

तर अडचणीवर तुमचा तोडगा काय? खुर्ची! "तुम्ही नुसतं बसायचं, मिस्टर प्रोबर्ट. बास गिटार मांडीवर ठेवायची, वायर जोडलेलीच नसेल. काळ्या पडद्यामागून एक मुलगी वाजवेल, खूप छान वाजवते. लोकांना तुम्ही दिसलात म्हणजे झालं." विनीने विचारलं, "खुर्चीवर उशी तरी देणार, की कावळे घाबरावेत म्हणून नुसताच काठी लावून उभा करणार?" त्याला वाटलं ती गंमत करतेय. तो हसला. ती हसत नव्हती.

बुजगावणं करताय माझं. मला वाजवता येत नाही हे मला माहीत आहे, ऑब्री. शेफिल्डला मी चार वेळा तार चुकलो तेव्हा तू माझ्याकडे पाठ केलीस, लोकांनी तुझ्याकडे बघावं म्हणून पुढे जाऊन लांबलचक तुकडा वाजवलास. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, आज मानतो. पण हात गेला हे सांगायला, खुर्चीचं विचारायला, तू यायचं होतंस. लडलोहून इथे यायला अर्धा तास लागतो. चकाचक बुटांचा माणूस कशाला पाठवलास?

तसं तुझं लक्षण मला फेब्रुवारीतच दिसलं होतं. डगीला पुरून आलो, त्याच्या बहिणीच्या घरी चहा चालला होता, तुझ्या हातात हॅमचं सँडविच होतं, आणि तू म्हणालास, "डगीला हेच आवडलं असतं, आपण पुढे चालू ठेवावं." डगीला काय आवडलं असतं हे डगी जिवंत असतानासुद्धा कुणाला सांगता आलं नाही. तो हॉटेलात जेवण मागवायचा आणि ते आलं की माझं खायचा. सहा वर्षांपूर्वी कॅलम, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात रोलंड, आता डगी. गाणारा गेला, ड्रम गेले, ऑर्गन गेला. उरलं काय, तर तुझी गिटार आणि दाराशी विकायचे टी-शर्ट. आमच्याकडे याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात.

आणि कॅलमचा आवाज म्हणे टेपवरून येणार. मागे पडद्यावर त्याचा चेहरा, तोही बत्तीस वर्षांचा, सगळे केस असलेला. पडद्यावरच्या चित्रांशी मेळ राहावा म्हणून वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कानात यंत्राची टिकटिक. कॅलमला ओळ उशिरा उचलायची खोड होती, आठवतं? रोलंड वाट बघायचा. पूर्ण बँड त्याच्या श्वासासाठी थांबायचा, आणि तो श्वास ऐकायला लोक पैसे मोजायचे. टेपला श्वास लागत नाही. कानात टिकटिक असल्यावर कोण कुणासाठी थांबणार?

तुझा मॅनेजर मला फुटबॉलचं उदाहरण देऊन गेला. खेळाडू बदलतात, क्लब तोच राहतो. मी हे विनीला रागारागाने सांगितलं तर ती उलट माझ्यावरच घसरली. तुला माहीतच आहे, ती दर रविवारी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला जाते. म्हणाली, "आमच्या गटाला दोनशे वर्षं झाली. मूळचा एकही जिवंत नाही, तुझ्या माहितीसाठी. तरी तोच गट आहे." मी म्हटलं तुमचं वेगळं. ती म्हणाली, "वेगळं कसलं डोंबल? नवीन आलेल्याला आम्ही पहिल्या दिवशी एवढंच सांगतो, स्वतःच्या दोराकडे बघू नकोस, दुसऱ्यांच्या हातांकडे बघ. ज्याला ते जमतं तो आमचा." आणि ती पीठ मळायला निघून गेली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई भांडण अर्धवट सोडून जिंकत आलीय.

हे झालं रविवारी. आता मंगळवारचं सांगतो, ते तुला ठाऊक नसणार. सकाळी दहाला बेल वाजली. दारात पाठीवर बास घेतलेली, बसने येऊन पावसात भिजलेली एक मुलगी. म्हणाली, "मी टॅम्झिन. पडद्यामागची." मी दार लावणारच होतो. ती म्हणाली, "मिस्टर प्रोबर्ट, मला पडद्यामागून वाजवायचं नाहीये. तुमच्या हातांमागे लपून तर नाहीच नाही. हे तुमच्या तोंडावर सांगितल्याशिवाय मला झोप लागेना, म्हणून आले. आता हवं तर दार लावा." जे तू करायचं होतंस ते या अठ्ठावीस वर्षांच्या पोरीने केलं, ऑब्री. मी तिला आत घेतलं आणि विनीने तिला टोस्ट दिले.

तिने विचारलं ते त्याच ओळीबद्दल. 'सात दरवाजे'मधली, बाराव्या मिनिटाला येणारी, तेरा मात्रांची. अख्खी रचना चौदात चालते आणि तिथे एक मात्रा गायब का? ऑस्लोच्या कुण्या प्राध्यापकाने त्यावर पुस्तिका लिहिलीय, तेरा चंद्र, तेरा महिने, काय काय. तू मुलाखतींतून त्याला कधी हो म्हटलं नाहीस, कधी नाहीही म्हटलं नाहीस, चोरा. मी तिला खरं सांगितलं. ध्वनिमुद्रणात डगीच्या ऑर्गनवरचा चहाचा मग घसरला, तो पकडायला डगीने एक मात्रा आधीच हात उचलला. रोलंडने ते बघितलं आणि मात्रा गिळली, रोलंडकडे बघून मी, माझ्याकडे बघून तू. कॅलम तर हसतच पुढच्या ओळीत शिरला, ते हसू रेकॉर्डवर आहे. मग ती चूक आपल्यालाच पाठ करावी लागली, आणि कुणालाही ती मोजता येईना. पन्नास वर्षं ती ओळ आली की तुम्ही चौघे माझ्या डाव्या टाचेकडे बघायचात.

टॅम्झिनने ती ओळ वाजवून दाखवली. बोट न बोट बरोबर. माझ्यापेक्षा स्वच्छ. आणि पार मेलेली. मी तसं बोललोही, मी रागातच होतो. तिने वाईट वाटून न घेता विचारलं, "मग कशी?" मी डावा बूट काढला. टाचेने ताल धरला, डगीचे सूर तोंडाने म्हणायला लागलो, आणि मुद्दामच, तिची खोड मोडावी म्हणून, त्या जागी टाच जरा उशिरा टेकवली. ती थांबली, ऑब्री. वर बघितलं, माझ्यासाठी थांबली, आणि टाचेबरोबर येऊन पडली. आणि हसली. अगदी कॅलम हसला होता त्याच जागी. विनी पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी होती, तिने परत एकदा वाजवायला सांगितलं. आम्ही दुपारपर्यंत वाजवत होतो.

आता माझा खरा राग कशाचा आहे ते तुला सांगतो. मी ठरवलं होतं की आमच्यानंतर हे वाईटच वाजलं पाहिजे. मला ते वाईट वाजायला हवं होतं. कॅलम, रोलंड, डगी आणि माझा हात, एवढं सगळं गेल्यावरही ते चांगलं वाजू शकतं, हे मला सहन होत नव्हतं. मंगळवारी ते चांगलं वाजलं, आणि ती गेल्यावर मी एक बूट घालून, एक काढून बसून रडलो. हे तू कुणाला सांगितलंस तर ऑस्लोच्या प्राध्यापकाला चहाच्या मगाची गोष्ट कळवीन.

पत्र लिहायला बसलो ते नाही म्हणायला नव्हे. नुसतं नाहीच म्हणायचं असतं तर एक ओळ पुरली असती. सोबत ते पोस्टर पाठवतोय. मागची तुझ्या अक्षरातली ओळ मी खोडलीय आणि तिच्याखाली लिहिलंय: एकमेकांकडे बघून वाजवणारे निदान दोघं मंचावर असतील तोवरच हे नाव. अक्षर या पत्रासारखंच वेडंवाकडं आलंय, डाव्या हाताने लिहिलंय. तिघांच्या जुन्या सह्या तशाच ठेवल्यात, त्यांची हरकत असेल तर त्यांनी येऊन सांगावं. माझी सही केलीय. तुझी आणि टॅम्झिनची बाकी आहे. तुझी करायला पोस्टर घेऊन तू स्वतः यायचंस, मॅनेजर आला तर विनी दार उघडणार नाही. पडदा काढा, टेप फेका, सगळ्यांच्या कानातली ती टिकटिक काढा. खुर्ची तर मुळीच नको. वुल्व्हरहॅम्प्टनला मी उभा राहीन, बास न घेता, टॅम्झिनच्या बाजूला, डाव्या पायात बूट न घालता. डॉक्टर म्हणतात हातातला कंप वर्षभरात पायात उतरेल. अजून उतरलेला नाही, आणि त्या मुलांना बारावं मिनिट शिकवायला एक ऑक्टोबर पुरे आहे.

तुझाच (राग गेलेला नाही),
सेल्विन