कार्डाची पूजा

सुपा, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९९

कंपनीच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याचं कार्ड आज कॉम्प्युटर काही केल्या वाचेना. संध्याकाळपर्यंत मशीनचे फोटो गिऱ्हाइकाला गेले नसते, तर ऑर्डर हातची गेली असती. कॉम्प्युटर बघणाऱ्या जाधववर मी दिवसभर उगाच खेकसलो.

शेवटी झाडलोट करणाऱ्या शांतामावशी कार्ड निरखून म्हणाल्या, "आवं साहेब, परवा खंडेनवमीला तुमीच न्हाई का ह्याला हळदकुंकू लावलं?"

खरंच की! मशीनबरोबर कार्डाचीही पूजा केली होती मी. पण कॉम्प्युटर कार्डावरच्या ज्या सोनेरी पट्टीतून फोटो वाचतो, नेमकी तिच्यावरच बोटं कशी गेली माझी? जाधवनं हसत पट्टी खोडरबरनं पुसली. कार्ड घातलं, तर एकेक फोटो हजर!

मावशींनी कॉम्प्युटरला हात जोडले. "बघा, पावलं का न्हाई!"