आधी मोजणार, मग शिकवणार

५ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. यंदा शाळेत इतिहास घडणार, त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. सुट्टीत मूल्यमापनाचं ट्रेनिंग झालं. बाकीचे शिक्षक चहापुरते जागे होते, मी पूर्णवेळ. सातवीच्या एका तुकडीचं गणित माझ्याकडे. आमची कन्याही याच वर्गात. एप्रिलमध्ये गणिताची बाहेरची परीक्षा, तीत पास होईल तोच मोठ्या शाळेत जाणार. मला काडीची काळजी नाही.
संकल्प: आधी मोजणार, मग शिकवणार.

८ ऑगस्ट
निदानात्मक चाचणी घेतली. औषधाआधी डॉक्टर नाडी बघतो, तसं. वीस प्रश्न. बहुतेकांना भोपळा. उत्तम! निदान झालं. उपचार सोमवारपासून.

२ सप्टेंबर
उपचार पुढे ढकलले. आधी आकारिक मूल्यमापनाची घडी बसू दे. आकारिक म्हणजे शिकवता शिकवता, जाता-येता, मुलांना काय कळतंय ते बघत राहायचं. शिकवणं व्हायचंय, पण बघणं जोरात चालू आहे. कळलं तर हिरवं कार्ड, नाही कळलं तर लाल. एकाने विचारलं की सर, पण काय कळलं? नोंद केली: चिकित्सक वृत्ती, ब श्रेणी.
शेजारच्या वर्गातून, सातवीच्या दुसऱ्या तुकडीतून, खडूबाईंचा आवाज येतो. हात कायम खडूने माखलेले, म्हणून मी ठेवलेलं नाव. अपूर्णांक शिकवत होत्या. जुनी पद्धत. भिंत पातळ, काय करणार.

१४ ऑक्टोबर
मुलांनी एकमेकांचं मूल्यमापन केलं. सगळ्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले. एवढी एकी या शाळेत कुणी पाहिली नसेल. मग स्वयंमूल्यमापन. कन्येने स्वतःला शून्य दिलं. घरी समजावलं की एवढा विनय बरा नव्हे. तिने खोलीत जाऊन दार लावून घेतलं. हल्ली दार फार लावते. वय.

२० नोव्हेंबर
वर्गात शांतता वाढत चालली आहे. वात्रटातला वात्रटसुद्धा चकार शब्द काढत नाही. सगळे भिंतीकडच्या बाकांवर दाटीवाटीने बसतात, खिडकीकडचे बाक ओस. थंडी वाजत असणार.

६ डिसेंबर
कन्येने घरी दोन अपूर्णांकांची बेरीज करून दाखवली. बरोबर! मी न शिकवता! आमच्या हिला म्हटलं, बघ, नुसत्या मोजण्याने मूल किती पुढे जातं. ही माझ्याकडे बघतच राहिली.

१२ जानेवारी
खडूबाईंच्या आवाजाने मोजमापात व्यत्यय येतो, असं मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर घातलं. माझं नाव कुठे येऊ नये, हेही सांगितलं. काम फत्ते. खडूबाईंचा वर्ग पलीकडच्या इमारतीत हलवला. आता टाचणी पडली तरी ऐकू येते. मुलं मात्र अजून भिंतीलाच चिकटून बसतात. एक मुलगी भिंतीला कान लावून होती. विचारलं, तर म्हणाली, काही नाही सर, सवय झाली.

५ फेब्रुवारी
दर महिन्याप्रमाणे ऑगस्टचीच चाचणी पुन्हा घेतली. अख्ख्या वर्गाला विसापैकी वीस! मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकांवरून एका सुरात आवाज आला, सात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पेपर अजून वाटलाही नव्हता. अंगावर काटा आला. आनंदाने असणार.

१९ फेब्रुवारी
सहज प्रश्नांचा क्रम बदलला. सगळ्यांनी उत्तरं जुन्याच क्रमाने लिहिली. खोलीचं क्षेत्रफळ मंगळवार आलं. सगळ्यांचं. झेरॉक्सवाल्याला झापलं.

११ मार्च
मोठ्या बाई न सांगता येऊन मागच्या बाकावर बसल्या. मुलांनी मुकाट्याने हिरवी कार्डं वर केली आणि तास संपेपर्यंत खाली घेतलीच नाहीत. जाताना बाईंनी विचारलं की या मुलांची गणिताची पुस्तकं इतकी कोरी करकरीत कशी? म्हटलं, जपून वापरतात. बाई हसल्या नाहीत.
रात्री झोप लागली नाही. पित्त.

२ एप्रिल, संध्याकाळ
ही म्हणाली, अहो, निदान घरी तरी पोरीला शिकवा. म्हटलं, परीक्षेच्या तोंडावर नवीन काही सुरू करू नये.

९ एप्रिल
बाहेरची परीक्षा. हे संकलित मूल्यमापन, वर्षभरात जे साठलं ते एकदम मोजायचं. पर्यवेक्षक आजारी पडले, म्हणून माझ्याच वर्गावर मला उभं केलं. पेपर वाटले. मुलांनी आधी पेपरकडे पाहिलं, मग सगळ्यांनी माझ्याकडे. कुणी रडलं नाही. कुणी कॉपीही केली नाही. कुणाची करणार? कन्येने पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घालून बसली. खिडकीबाहेर बघावं म्हटलं, तर समोर पलीकडची इमारत.

३ मे
निकाल लागला. माझ्या वर्गातलं एकही मूल पास नाही. खडूबाईंचा वर्ग सगळा पास. मोठ्या बाईंनी मला बोलावलंच नाही. बोलावून झापलं असतं तर बरं वाटलं असतं.
घरी आलो. कन्या आपणहून समोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, मी रडत नाहीये, तुम्ही फक्त एक करा. आता परत सातवीतच बसायचं आहे, तर मला त्या बाईंच्या वर्गात घाला. मग जरा थांबून म्हणाली, आणि बाबा, या वेळी त्यांना लांब पाठवू नका.
हो म्हटलं.