वायरीजवळ उलटा हात

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी एका गोष्टीवरून माझा जळफळाट थांबत नाही. तुम्ही वायरमन. आखाडा बाळापूरच्या शिवारात मोटरी बघायला जाताना आम्हा दोघा भावंडांना सायकलवर घ्यायचात. रबर शाबूत असलेल्या वायरीजवळ उलटा हात न्यायला लावायचात, कारण झटका बसला की सरळ हाताची मूठ वायरीवरच आवळते. मग विचारायचात, "चालू हाय का बंद?" धाकटी दर वेळी बराबर सांगायची. मी चुकायचो. चहाच्या टपरीवर तुम्ही सांगायचात, "पोरीच्या कातडीला करंट कळतो. हे पोरगं म्हंजे लाकूड." लोक हसायचे. लाकूडच झालो मग. दहावी सुटली, मेंढरांमागे हिंडलो, ट्रकवर राहिलो, जवळा बाजार गावात एका हॉटेलात भजी तळली. तिथला मालक भला माणूस, एकदा त्यानं... पण ते राहू द्या.

ती आता पुण्यात प्रयोगशाळेत शरीरातल्या पेशींवर काम करून राहिली. परवा घरी आली, तर चुलीपुढं बसून आईला सांगते, पेशीचं आवरण म्हणजे मोटरचा कंडेन्सर. एवढासा पातळ पडदा, आत उणे, बाहेर अधिक, त्या जोरावर माणूस बोट हलवतो. आईला ओ की ठो कळत नाही, पण तोंडावर कौतुक मावत नाही. मला बघवेना. म्हटलं, "म्हणून कळायची व्हय तुला वायर?"

"न्हाई रे दादा. पेशीच्या पडद्याच्या सोताच्या इजेच्या दाबापुढं रबरातल्या त्या वायरीचं काय चालतंय? कातडीला कळतच न्हाई. कुणाच्याच."

"मंग बराबर काहून सांगायचीस?"

"करंट असला की आबा माझा कोपर धरून ठेवायचे, मागं ओढता यावं म्हणून. बंद असला की बिडी शिलगवायचे."

मी चपला घातल्या. टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगणार होतो. मागून ती म्हणाली, "तुझा बी धरायचे की. माझ्याहून घट्ट. तू साळुंक्या बघत बसायचास."

तेव्हापासून आठवून राहिलो. विहीर येते, सायकल येते, साळुंक्यासुद्धा येतात. तुमचा हात येत नाही. माझ्या कोपरावरचा हात तिला आठवतो, मला नाही. लाकूड म्हणालात त्याहून हे जास्त झोंबतं.

त्या वेळी मात्र तिला म्हणालो, "म्हाईत हाय मला."

माहीत नव्हतं, आबा.