मोकळी केलेली टाकी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठातल्या पाच अंगांवर भागवून घे). तुझा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझे मासे बरे नाहीत, आणि ते माझ्यामुळे.

तू लेकाकडे हवापालटाला गेलीस आणि मी तुझ्या काचेच्या टाकीकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं. लोकांच्या खोल्यांतली अडगळ काढून त्या मोकळ्या करून देणं हा माझा धंदा. अर्धी टाकी दगडांनी भरलेली मला बघवेना. बिचाऱ्यांना पोहायला जागा नको? (हे आफ्रिकेतल्या सरोवराचे मासे, खडकांच्या कपारीत राहणारे, असं तू शंभरदा सांगितलं होतंस. मी शंभरदा हं हं म्हटलं होतं.) सगळे दगड काढले, त्यांच्यावरचं हिरवं शेवाळ ब्रशने खरवडलं, आणि ते गच्चीवर वाळत घातले. टाकी अशी लख्ख झाली की कौतुकाने हिला बोलावून दाखवली. ही म्हणाली, "छान आहे. आता ते राहणार कुठे?" हिला दृष्टीच नाही, असं मी मनात म्हणालो.

संध्याकाळपर्यंत तो निळा पट्टेवाला, जो आजवर एका कपारीचा मालक होता, अख्ख्या टाकीचा मालक झाला. दिसेल त्याला बदडायला लागला. बाकीचे पाणी गरम करायच्या नळीमागे दाटीवाटीने लपले. पिवळीने तर खाणंच सोडलं, जबडा सुजलेला. मी औषधासाठी टाकीवाल्याच्या दुकानात धावलो, तर तो हसत सुटला. "आजारी नाही हो ती, तोंडात पिल्लं धरलीयत. सोडायला कपार तरी ठेवलीत का?" शेवाळ हे त्यांचं खाणं होतं, हेही त्यानेच सांगितलं.

दगड लगेच परत रचले. पुन्हा पुन्हा कोसळतात. पिवळी तोंड मिटून कोपऱ्यात बसली आहे. मला फार वाईट वाटतंय गं.

लोभ इथेच राहू दे, तो तेवढा बरोबर नेऊ नकोस.

तुझा,
हुशार भाचा

ता. क. दगड कसे रचले होतेस, त्याचा फोटो असेल तर पाठव.

आणखी ता. क. फोटो नको, तूच ये. तुझं कपाट, ट्रंक आणि खिडकीतली खुर्ची खोलीत परत आणली आहे, पण काय कुठे होतं ते आठवत नाही. तू जायच्या आधी मी तुझी खोली मोकळी केली, त्या दिवशी तूही काही बोलली नाहीस, जेवलीही नाहीस. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.